दाराशी मांडलेलं पान

प्रोफेसर नेरलेकर दार नसलेल्या घराबाहेरसुद्धा थांबायचे. कारवीच्या काड्यांची झोपडी, पुढं सगळं मोकळं, आत चूल पेटलेली आणि घरची बाई समोरच बसलेली दिसतेय; तरी हे गृहस्थ दोन हात अलीकडे उभे राहणार, छत्री बगलेत धरणार आणि विचारणार, "येऊ का?" आतून "या" आलं तरच पाऊल उचलायचं. एकदा एका ठार बहिऱ्या म्हाताऱ्याच्या झोपडीपुढं ते अर्धा तास उन्हात उभे राहिले होते, आणि मी त्यांच्या मागं उभी राहून त्यांच्या उच्च शिक्षणाला मनातल्या मनात बोल लावत होते.

ती मंदीची वर्षं होती. धान्याला भाव नव्हता, आणि सुरगाणा-पेठच्या डोंगरातून माणसं दिवाळी झाली की नाशकाकडं उतरायची. भाताची कापणी उरकली की डोंगरात हाताला काम नसतं. 'जगायला जातो' असं म्हणून माणसं निघायची आणि वीटभट्ट्यांवर, पेरूच्या बागांत, गवताच्या गंजींवर राबायची. काही पावसाळ्याआधी परत जात, काही इथंच राहत. ही माणसं कुठून येतात, का येतात, आणि गाव त्यांना आपल्यात घेतं की नाही, याचा अभ्यास करायला नेरलेकर मुंबईच्या एका कॉलेजातून आले होते. त्यांच्या वहीवर लिहिलेलं होतं, 'उतरून आलेली माणसं.'

मी तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, मग शिकले, आणि पंचवटीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटी राहत होते. माझे वडील सुरगाण्याच्या संस्थानात कारकून होते, त्यामुळं डोंगरातली बोली मला लहानपणापासून येत होती. नेरलेकरांना दुभाषी हवा होता. आमच्या मोठ्या बाईंनी त्यांना माझ्याकडं पाठवलं. शनिवारी शाळा सुटल्यावर आणि रविवारी मी त्यांच्याबरोबर वस्तीवर जायची.

यावर पंचवटीत काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको. मला जीभ होती, पण घर भाड्याचं होतं, आणि घरमालकीणबाई वरच्या सज्जात तुळशीच्या कुंडीसारख्या कायमच्या ठेवलेल्या होत्या. नेरलेकर कागद द्यायला आले की पायरीखाली उभे राहून विचारायचे, "येऊ का?" मी आतून म्हणायची, "ओट्यावर बसा, पाणी आणते." गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन मी बाहेर यायची. दोन वर्षं हे एवढंच चाललं. उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही, आणि ओलांडा असं मी कधी म्हटलं नाही.

त्यांचं स्वतःचंही बिऱ्हाड जमायला तीन महिने लागले होते. जात विचारली की ते म्हणायचे, "त्याचाच अभ्यास चालू आहे. निष्कर्ष अजून आलेला नाही." घरमालकांना हा विनोद पचायचा नाही. शेवटी भद्रकालीजवळ एका मुसलमान विणकऱ्यानं त्यांना आपली माडी दिली. विणकऱ्याचे आजोबा उत्तरेकडून आलेले. तो त्यांना म्हणाला होता, "आमचे दादाजान पायी आले, तुम्ही रेल्वेनं आलात. फरक तेवढाच हाय. सामान वर न्या." ही गोष्ट नेरलेकर येईल त्याला सांगत आणि सांगताना दर वेळी त्यांचे डोळे भरत. डोळे पुसायला त्यांच्याकडं रुमाल कधीच नसायचा, कारण रुमालात ते फुटाणे बांधून ठेवायचे.

वस्ती गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठी, मसणवट्याच्या पलीकडं, वीटभट्ट्यांना लागून होती. तिथली वडील बाई म्हणजे धवळी. काळी, वाळकी, चिलीम ओढणारी. पहिल्याच दिवशी नेरलेकर तिच्या झोपडीबाहेर "येऊ का?" म्हणाले, तेव्हा तिनं चिलीम खाली ठेवली आणि मला विचारलं, "ह्यो जिता हाय ना?"

मी हसले. ती हसली नाही.

"जिता माणूस इचारत नाय," ती म्हणाली. "आपला माणूस येतो नि बसतो. दाराशी उभं राहून इचारतं ते मेलेलं. त्याला बोलावल्याबिगर आत येता येत नाय."

मी हे नेरलेकरांना मराठीत सांगितलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, पेन्सिलीच्या निळ्या टोकानं. महत्त्वाचं निळ्यानं आणि शंका असलेलं लालनं, अशी त्यांची रीत. लिहून झाल्यावर म्हणाले, "बाई, मी आयुष्यभर भलतीकडंच उभा होतो म्हणायचं." आणि दुसऱ्या झोपडीपुढं जाऊन पुन्हा विचारलंच, "येऊ का?"

त्यांचं काम अडलं ते माणसं मोजण्यावर. घरात किती जण, असं विचारलं की बाया तोंड फिरवायच्या. माणूस मोजू नये, मोजला की कमी होतो, ही तिथली पक्की समजूत. तशी ती आमच्या घरातही होती. आमच्या आत्याबाई जेवायला बसलेल्या पोरांना कधी मोजून देत नसत. दुसरा कोणी असता तर दटावून आकडा काढला असता. नेरलेकरांनी दोन आठवडे विचार केला आणि वेगळा प्रश्न काढला. "संध्याकाळी पानं किती मांडता?" वस्तीवर पळसाच्या पानांवर जेवत. हा प्रश्न कोणाला लागला नाही. कोणी चार म्हणालं, कोणी सहा. त्या पानांवरून त्यांनी नावं घेतली आणि यादी केली. चौदा चुली, एकसष्ट माणसं. त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी मला सगळेच्या सगळे फुटाणे देऊन टाकले.

पुढं त्या यादीला भलतंच महत्त्व आलं. नदीकाठ मोकळा करायचा असं ठरलं. पालिकेचा एक अधिकारी म्हणाला, साठ माणसं भरत असतील तर ही कायमची वस्ती धरू, वरच्या टेकाडावर जागा देऊ, एक नळ देऊ. साठांच्या खाली असतील तर ते येणारे-जाणारे. पावसाच्या आत उठवायचे. नेरलेकरांनी यादी दिली. अधिकारी म्हणाला, रविवारी मी स्वतः येऊन मोजीन.

शनिवारी संध्याकाळी आम्ही यादी ताडून पाहायला वस्तीवर गेलो. धवळीच्या झोपडीत जेवणं चालली होती. पाच पानं मांडलेली होती आणि जेवत होती चार माणसं. पाचवं पान दाराशी, थोडं बाजूला. त्यावर नागलीच्या भाकरीचा तुकडा आणि मीठ-मिरची. मी विचारलं, "हे कोणाचं?"

"सोमाचं," धवळी म्हणाली. "माझा ल्योक."

"कुठं आहे तो?"

"जगायला गेलाय. डांगाकडं. चार पावसाळं झालं."

नेरलेकरांच्या यादीत सोमाचं नाव होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते उठले आणि पुढच्या झोपडीकडं गेले. चौदाही चुली आम्ही पाहिल्या. जो जगायला गेला आणि परत आला नाही, त्याचं पान दाराशी मांडायची त्या वस्तीची रीत होती. अशी सात पानं निघाली. सकाळी त्यावरचा घास कावळ्यांना जायचा. कोणी आम्हाला फसवलं नव्हतं. पानं किती, असं आम्ही विचारलं होतं आणि त्यांनी पानं सांगितली होती. हाडामांसाची माणसं होती चोपन्न.

नेरलेकर भट्टीजवळच्या विटांच्या थप्पीवर बसले. जन्मात खोटा आकडा न लिहिलेला माणूस तो. सात नावं खोडली की चौदा चुली रस्त्यावर, आणि नाही खोडली तर आपल्या हातानं सही केलेलं खोटं. पेन्सिलीचं लाल टोक ते अंगठ्यावर दाबत राहिले.

"मी उद्या साहेबाला खरं सांगणार," ते म्हणाले. "आणि हात जोडणार."

धवळी मागं येऊन उभी राहिली होती. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "मोजू दे त्याला. आमी बसतो समदी." मग म्हणाली, "पर मोजलं का कोन ना कोन कमी व्हतं. तेवढं त्याला सांग."

मी सांगितलं. नेरलेकर म्हणाले, "मग शेवटी मलाही मोजा म्हणावं." त्यांनी ते हसत म्हटलं होतं. मला तेव्हाही ते आवडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी ऐन दुपारी आला. सगळे भट्टीवरून जेवायला येतात तेव्हाच मोजायचं, म्हणजे तोच माणूस दोनदा मोजला जात नाही, असं त्याचं म्हणणं. माणूस हुशार होता. सगळ्यांना एका ओळीत बसवलं. प्रत्येकापुढं एक पान. वारा पडलेला होता. भट्टीचा धूर सरळ वर जात होता आणि एवढ्या पोरांत एकही पोर रडत नव्हतं, हे मला आजही आठवतं. नेरलेकर पुढं झाले. "साहेब, या यादीत माझी एक चूक झालेली आहे."

"आधी मोजू द्या," अधिकारी म्हणाला. "चुका मग पाहू."

शिपाई कागद आणि शाई घेऊन ओळीनं अंगठे घेत निघाला, आणि अधिकारी त्याच्यामागून मोजत. मी एका बाजूला बाभळीखाली उभी होते. मीही मोजलं. चोपन्न. ओळीच्या शेवटाकडं काही पानं होती, त्यांच्यामागं कोणी नव्हतं. पण शिपाई तिथंही वाकत होता. एकेका पानापुढं वाकायचा, कागद टेकवायचा, उचलायचा. मी पुन्हा मोजलं. चोपन्नच.

"एकसष्ट," अधिकारी म्हणाला. त्यानं उलट्या बाजूनंही मोजलं. "एकसष्ट. बरोबर आहे तुमची यादी. चूक कुठं आहे?"

नेरलेकरांच्या कपाळावर घाम होता. ते ओळीच्या शेवटाकडं पाहत होते. अधिकाऱ्यानं सही केली आणि तो गेला. त्याला भूक लागली असावी.

परत येताना आम्ही गंगेच्या घाटापर्यंत आलो. मग मी विचारलं, "तुम्ही किती मोजले?"

"एकसष्ट. तुम्ही?"

"चोपन्न."

ते थांबले. "मग तुमचंच बरोबर असणार, बाई," ते म्हणाले. "फक्त त्या सातांनी माझ्याकडं पाहिलं हो."

मी भूगोल शिकवणारी बाई. भुतंखेतं मला कधी पटली नाहीत आणि परवडलीही नाहीत. शिपायानं वस्तीची दया येऊन कोणाचे तरी अंगठे दोनदा घेतले असतील, असं मी स्वतःला समजावलं. नेरलेकरांनी नंतर तो कागद मागून पाहिला. शेवटचे सात ठसे गुळगुळीत होते, एकाही ठशात रेष नव्हती. मी म्हटलं, विटा उचलून बोटांच्या रेषा झिजतातच. ते म्हणाले, "हो. तसंच लिहू." पण वहीत त्यांनी ते लिहिलं नाही, ना निळ्यानं ना लालनं.

वस्तीला टेकाडावर जागा मिळाली. नळही आला. नेरलेकरांनी आता सुखानं मुंबईला जावं, पुस्तक लिहावं, असं मला वाटत होतं. त्यांचं उलटंच झालं. "सात माणसं मी इथली म्हणून नोंदवली," ते म्हणायचे. "ती कुठं आहेत, हे मला ठाऊक नको?" एकेकाचा माग काढत ते निघाले. देवळ्याकडं एका विहिरीच्या कामावर एक जण दरडीखाली गेलेला निघाला. वणीच्या यात्रेत पटकीनं एक बाई गेलेली. दर वेळी ते परत येऊन त्या झोपडीबाहेर उभे राहत, "येऊ का?" विचारत, आणि आत जाऊन सांगत. घरचे ऐकून घेत. कोणी फार रडत नसे. संध्याकाळी पान दाराशी मांडलेलंच असायचं.

सहाव्याचा माग काढून इगतपुरीहून आले तेव्हा ते माझ्या ओट्यावर बसले. मी आणलेलं पाणी तसंच ठेवलेलं. मग म्हणाले, "बाई, घाटातल्या मुकादमाला मी त्या माणसाचं वर्णन विचारलं. तो म्हणाला, डाव्या भुवईवर वण होता, आणि एक कान फाटलेला. मला विचारायची गरजच नव्हती. तो त्या दिवशी ओळीत शेवटून तिसरा बसला होता."

मी म्हटलं, "तुम्ही थकलात. आता बस करा."

"सहा झाले," ते म्हणाले. "एक राहिला."

राहिला तो सोमा. शिमग्यानंतर ते सुरगाण्याकडं निघाले, तिथून पुढं गुजरातच्या हद्दीवरच्या जंगलात. यादी आणि वही माझ्याकडं ठेवून गेले. आठ दिवसांत येतो म्हणाले. पाडवा गेला, रामनवमी झाली, पत्र नाही. मी धवळीकडं गेले. संध्याकाळ होती. तिच्या दाराशी दोन पानं मांडलेली होती.

मला राग आला. "ते परत येणार आहेत," मी म्हटलं.

"म्हणून तर मांडलंय," ती म्हणाली.

त्यानंतर चार-पाच दिवसांची गोष्ट. दिवेलागणीची वेळ. मी नुकताच अंगणात शेणाचा सडा टाकला होता आणि आत येऊन कंदिलाची काच पुसत होते. पायरीखालून आवाज आला, "येऊ का?"

मी दारात आले. नेरलेकर उभे होते, बगलेत छत्री, खूप वाळलेले. माझ्या जिवाला केवढं बरं वाटलं ते त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वर सज्जात मालकीणबाईंची पावलं वाजली, आणि दोन वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "ओट्यावर बसा, पाणी आणते."

"सोमा सापडला, बाई," ते म्हणाले, आणि मी म्हटल्याप्रमाणं ओट्याकडं वळले.

मी गूळ आणि तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा ओट्यावर कोणी नव्हतं. मी कंदील घेऊन अंगणात उतरले. सडा अजून ओला होता. त्यात माझ्या पावलांखेरीज एकही पाऊल नव्हतं. वरून मालकीणबाईंनी विचारलं, "कोणाशी बोलत होतात हो?" मी म्हटलं, "कोणाशी नाही."

तीन दिवसांनी सुरगाण्याचा एक गाडीवान शाळेत निरोप घेऊन आला. प्रोफेसर हिवतापानं गेले होते. हद्दीवरच्या एका पाड्यात सोमाही चार वर्षांपूर्वी तापानंच गेला होता. त्याला जिथं पुरलं तिथंच पाड्याच्या लोकांनी यांना ठेवलं, शेजारी. केव्हा, असं मी विचारलं. गाडीवानानं बोटं मोजली. "अकरा दिस झालं, बाई." म्हणजे ते माझ्या पायरीशी उभे होते त्याच्या आठ दिवस आधी.

सोमाचा निरोप धवळीला सांगणं माझ्यावर आलं होतं. मी टेकाडावर गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. चिलीम विझली होती, ती तिनं तशीच हातात धरली.

"तुह्याकडं आला व्हता?" तिनं विचारलं.

"हो."

"इचारलं?"

"हो."

"मंग घेतलास का आत?"

ज्या माणसानं चौदा चुलींना गावात जागा करून दिली, त्याला त्या गावात एकही उंबरा मिळाला नव्हता, एक विणकऱ्याचा सोडला तर. आणि तो न देणाऱ्यांत मी पहिली होते. लोकांना शहाणपण शिकवणारी, जिभेची तिखट, मी.

त्या संध्याकाळी मी घरी आले आणि दोन पानं मांडली. एक माझं. दुसरं दाराशी नाही. आत, माझ्या पानासमोर. मालकीणबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "पाहुणे येणार आहेत का?" मी म्हटलं, "आलेत." महिनाअखेर त्यांनी मला खोली सोडायला सांगितलं. मी सोडली.

त्यानंतर पाच घरं बदलली. आता सत्तरी उलटली. पान रोज मांडते. 'येऊ का?' असं मला पुन्हा कोणी विचारलं नाही. पहिली काही वर्षं मी त्या आवाजाची वाट पाहत दाराकडं तोंड करून जेवायला बसायची. आता पाहत नाही. आपला माणूस विचारत नसतो, येतो नि बसतो.